तांबट आळीतली फिल्म आणि माझे चार एआय सहायक: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी पुण्याच्या तांबट आळीत एका माहितीपटाचं शूटिंग सुरू केलं. कसबा पेठेतल्या या आळीत पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबटांचे वंशज आजही हाताने तांब्याची भांडी घडवतात. टीम म्हणजे मी आणि आवाज सांभाळणारी माझी मैत्रीण. 11 तासांचं फुटेज जमलं, फिल्म करायची होती 22 मिनिटांची. या कामासाठी मी चार एआय सहायक वापरले: एक बोलणं लिहून काढायला, एक फुटेजमधून निवड करायला, एक आवाज साफ करायला आणि एक दृश्यं तयार करायला. शेवटी यातले दोन मनापासून उपयोगी पडले, एक जपून वापरावा लागला आणि एक मी सोडून दिला.

पहिल्यापासून सांगते. 11 तासांच्या मुलाखती हाताने उतरवायला मला आधी दहा-बारा दिवस लागत. आता पहिला खर्डा तासाभरात हातात येतो. पण तो खर्डाच असतो. ज्या काकांच्या कारखान्यात शूटिंग केलं ते म्हणाले होते, "त्या लग्नसराईत पंचवीस बंब गेले." सहायकाने लिहिलं "पंचवीस बॉम्ब गेले", आणि इंग्रजी सबटायटलमध्येही बॉम्बच उतरला. मठारकाम, म्हणजे घडलेल्या भांड्यावर हातोडीने ओळीने ठोके देऊन पत्रा कणखर करायचं काम, ते प्रत्येक वेळी "मटार काम" झालं. आपल्या भाषेच्या वाट्याला या तंत्रात किती कमी आलंय याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. मी वापरते ती सेवा वेगळी आहे, पण 2022 मध्ये आलेलं, बोलणं लिहून काढणारं व्हिस्पर हे खुलं एआय मॉडेल 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकवलं होतं, आणि त्यात इंग्रजी सोडून उरलेल्या 96 भाषांचे मिळून 1,17,000 तास होते. त्यातही मराठीचे किती असणार!

यावर उपाय सापडला तो साधा होता. काकांच्या शेजारी बसून मी 140 शब्दांची यादी केली. बंब, घंगाळ, तपेली, मठारणे, कल्हई, प्रत्येकापुढे एका ओळीत अर्थ. ही यादी आणि मजकूर सुधारायच्या सूचना सहायकाला कायमच्या देऊन ठेवल्या. आधी दहा मिनिटांच्या मजकुरात चाळीसेक दुरुस्त्या करत होते, त्या दहा-बारावर आल्या. "खास कामाचा सहायक" म्हणतात तो माझ्या अनुभवात असा घडतो. नुसतं नाव देऊन होत नाही, त्या कामाचा शब्दसाठा आपणच भरावा लागतो.

मराठी सबटायटलच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. ओळ कुठे तोडायची हे सहायक अक्षरं मोजून ठरवतो, आणि तो मोजतो संगणकाची चिन्हं. "ठोक्याची" या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, संगणकाला आठ. त्यामुळे पडद्यावर अर्धी जागा मोकळी असताना वाक्य दुसऱ्या ओळीत जात होतं. मर्यादा वाढवून दिली आणि "क्रियापद एकटं खाली पडू देऊ नकोस" अशी सूचना घातली, तेव्हा कुठे ओळी वाचनीय झाल्या.

मला सगळ्यात जास्त दिलं ते निवड करणाऱ्या सहायकाने. टाइमकोडसकट, म्हणजे कुठलं वाक्य फुटेजमध्ये कितव्या मिनिटा-सेकंदाला येतं त्या नोंदीसकट, सगळा मजकूर त्याला दिला आणि विचारलं, काका वडिलांबद्दल कुठे कुठे बोलतात? त्याने सात जागा काढल्या. सहा मला माहीत होत्या. सातवी जागा चहाच्या सुट्टीतली होती. कॅमेरा चुकून चालू राहिला होता आणि काका मैत्रिणीला सांगत होते की वडील ठोक्याच्या नुसत्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ झालाय ते ओळखायचे. ही क्लिप मी बघितलीच नव्हती. आज फिल्म तिथूनच सुरू होते.

पण याच सहायकाने एकदा दोन वेगळ्या दिवसांची दोन वाक्यं जोडून काकांच्या तोंडी एकच सलग वाक्य घातलं. वाचायला ते इतकं सुंदर होतं की मी निवेदनात घेणार होते. टाइमकोडवर जाऊन ऐकलं तेव्हा उलगडा झाला. तेव्हापासून "जसंच्या तसं उद्धृत कर, नसेल तर नाही म्हण" ही सूचना कायम आहे, आणि तरीही प्रत्येक जागा मी कानाने ऐकूनच घेते. ज्या माणसाने विश्वासाने आपल्या घरात घेतलं, त्याच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालणं मला कदापि मान्य नाही. त्याच कारणाने मजुरीचे दर आणि कर्जाबद्दलचं बोलणं मी कुठेही अपलोड करण्याआधीच कापून बाजूला ठेवलं.

निवेदन मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. "ही केवळ भांडी नसून एक कालातीत वारसा आहे" असलं मराठी आळीत कुणीही बोलत नाही. ते मी स्वतः लिहिलं.

आवाज साफ करणारा सहायक बोलण्याखेरीज बाकी सगळ्याला गोंगाट समजतो. आमच्या फिल्मचा प्राण हातोडीचा ठोका, आणि त्याने नेमका तोच पुसला! काका जणू रिकाम्या खोलीत बसून बोलत होते. शिवाय "आळी"चं "आली" ऐकू यायला लागलं, म्हणजे ळ घासून गेला. आता साफ केलेला आवाज वर आणि मूळ आवाज खाली असे दोन्ही ट्रॅक मिसळते, आणि ठोक्यांसाठी मैत्रीण वेगळा रेकॉर्डर ठेवते. एवढं केलं तर साधन कामाचं आहे.

दृश्यं तयार करणाऱ्या सेवेकडून पेशवाईतली आळी करून घ्यायचा माझा विचार होता. आठ-आठ सेकंदांच्या चाळीसेक क्लिप काढल्या. सगळ्या सेकंदाला 24 फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे एकेक चित्र), माझी फिल्म सेकंदाला 25 ची, पण ते जुळवता आलं असतं. त्यातल्या त्यात बरी क्लिप काकांना दाखवली. त्यांनी दोनदा बघितली आणि म्हणाले, "ताई, हातोडी पडायच्या आधीच ठोका उमटलाय. आणि असं हाणलं तर पत्रा फाटेल." मी पुन्हा बघितलं, खरंच तसं होतं. मला ते दिसलं नव्हतं. त्या रात्री सगळ्या क्लिप काढून टाकल्या आणि कोकणातून घाट चढून पुण्याकडे येणारी वाट हाताने काढलेल्या नकाशावर दाखवली. यूट्यूबने 2024 पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम दृश्यांची नोंद सक्तीची केली आहे, ती करून मोकळं होता आलं असतं, पण कारागिरीवरच्या फिल्ममध्ये चुकीची कारागिरी ठेवायची नव्हती.

दृश्यांच्या सेवेचं सदस्यत्व चौथ्या महिन्यात बंद केलं. मजकूर आणि निवड या दोन सहायकांवर महिन्याला साधारण 2,000 रुपये जातात, ते मी आनंदाने भरते. पुढची फिल्म कल्हईवाल्यांवर आहे. शूटिंगला अजून तीन आठवडे आहेत, पण शब्दांची यादी सुरू केलीय, आणि पहिले अकरा शब्द काकांनीच फोनवर सांगितलेत.