पेपर कुठे पाठवायचा: विद्यार्थ्यांच्या लॉ जर्नलला की पिअर रिव्ह्यू जर्नलला?

पेपर लिहून होतो, दोनदा वाचून होतो आणि मग पाठवायचा कुठे यावर गाडी अडते. एकीकडे विद्यार्थीच संपादक असलेलं लॉ जर्नल, दुसरीकडे त्या विषयातल्या तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणारं पिअर रिव्ह्यू जर्नल. शिकत असताना मी विद्यार्थ्यांच्या जर्नलच्या संपादक मंडळात दोन वर्षं होते, पुढे दोन्हीकडे लिहिलं. हे सगळं त्या अनुभवातून सांगतेय.

विद्यार्थ्यांच्या जर्नलला हलकं समजणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये डिसेंबर 1890 मध्ये आला. विद्यार्थ्यांनी 1887 साली सुरू केलेलं ते नियतकालिक तेव्हा चार वर्षांचंही झालेलं नव्हतं. खासगीपणावरच्या निकालपत्रांत त्या लेखाचा दाखला आजही दिला जातो.

या मुलांची खरी ताकद तळटिपांत दिसते. आमच्याकडे आलेल्या एका पेपरमध्ये निकालपत्रातला एक परिच्छेद न्यायालयाचं मत म्हणून दिला होता. माझ्या सहकाऱ्याने मूळ निकाल काढून पहिल्या पानापासून वाचला. तो परिच्छेद म्हणजे अपीलकर्त्याच्या वकिलांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो आधी नोंदवला होता आणि चार पानांनंतर फेटाळला होता! पेपरचा अख्खा तिसरा भाग त्याच परिच्छेदावर उभा होता. लेखकाने तो भाग नव्याने लिहिला आणि पेपर बचावला. इतक्या बारकाईने प्रत्येक संदर्भ उघडून बघायला तज्ज्ञ समीक्षकाकडे सहसा वेळ नसतो.

तज्ज्ञ समीक्षक वेगळंच विचारतो. हा मुद्दा आधी कुणी मांडलाय का? तुमच्या विरोधात जाणारा निकाल का सोडलात? मला एकदा समीक्षकाकडून दीड पानाचं टिपण आलं होतं. वाचून दोन दिवस काही सुचलं नाही, पण त्यातला प्रत्येक आक्षेप बरोबर होता. करकायदा, लवाद, दिवाळखोरी अशा खोल विषयांत विद्यार्थी इथेच कमी पडतात. जो विषय ते अजून शिकलेलेच नाहीत, त्यात नवं काय आहे हे त्यांनी ओळखायचं कसं? मग लेखकाचं नाव, चर्चेतला विषय, तळटिपांची संख्या यांवर निवड घसरते. लेखकाचं नाव झाकून पेपर वाचणारं मंडळ असेल, तर तो धोका बराच कमी होतो.

वेळेचं गणित मात्र सरळ आहे. पिअर रिव्ह्यू जर्नलला पेपर सहसा एका वेळी एकाच ठिकाणी द्यावा लागतो आणि उत्तराला कित्येक महिने लागतात. अमेरिकेतल्या विद्यार्थी लॉ रिव्ह्यूंना एकच पेपर एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवता येतो. एकीकडून होकार आला की बाकीच्यांना तो कळवून लवकर निर्णय मागायचा, याला ते ‘एक्सपिडाइट’ म्हणतात. ही मुभा सगळीकडे असते असं समजू नका, त्या त्या जर्नलचे नियम वाचा.

पहिलाच पेपर असेल किंवा ताज्या निकालावरची टिप्पणी असेल, तर मी विद्यार्थ्यांचं जर्नल सुचवेन. ओळीओळीवर काम करणारा संपादक पुन्हा सहजी मिळत नाही. पीएचडीच्या प्रबंधातलं प्रकरण असेल, किंवा प्राध्यापकाच्या नोकरीसाठी प्रकाशन मोजलं जाणार असेल, तर पिअर रिव्ह्यूच. तिथे थांबावं लागतं आणि ते थांबणं परवडतं.

विद्यार्थ्यांकडे पाठवण्याआधी एक गोष्ट जरूर करा. त्यांचे मागचे दोन-तीन अंक उघडून ते वेळेवर निघालेत का ते बघा. मंडळ दरवर्षी बदलतं, आणि जुन्यांनी स्वीकारलेला पेपर नव्यांच्या हाती पडेपर्यंत महिनोन्‌महिने नुसता पडून राहिलेला मी पाहिलाय. स्वीकृतीचं पत्र आलं की कोणत्या अंकात येणार आणि पुढच्या मंडळातलं कोण बघणार, हे लेखी मागून घ्या.