फिजिक्सच्या जोडीला मॅथ्स की इलेक्ट्रॉनिक्स?

बारावीनंतर बीएस्सीला फिजिक्स घ्यायचं पक्कं झालं, की सांगली-साताऱ्यात पुढचा प्रश्न जोडविषयाचा असतो. प्रवेशाच्या खिडकीवर तो दोन मिनिटांत उरकला जातो आणि मग तीन वर्षं निभवावा लागतो. म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉलेजचा सत्रवार आराखडा मागून घ्या. सांगली-कराडकडे बहुतेक ठिकाणी शिवाजी विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालतो, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा वेगळा आहे आणि स्वायत्त कॉलेजांचा आणखी वेगळा. पहिल्या वर्षी न घेतलेला विषय पुढे मायनर (दुय्यम विषय) म्हणून मिळेल का, हे त्यातच बघायचं.

एमएस्सी किंवा संशोधन करायचं असेल तर मॅथ्स घ्या. आमचं मत इथे ठाम आहे. अवमंदित दोलनाचं, म्हणजे घर्षणाने हळूहळू विझत जाणाऱ्या दोलनाचं, उदाहरण घ्या. ते डिफरन्शियल इक्वेशन सोडवता येत असेल, तर मुळं वास्तव, समान की कॉम्प्लेक्स यावरून तिन्ही प्रकार आपोआप निघतात. पुढे एलसीआर सर्किटमध्ये तेच समीकरण अक्षरं बदलून येतं आणि दोन धडे एकच होतात. ज्याला ते सोडवता येत नाही तो सहा सूत्रं पाठ करतो. दुसऱ्या वर्षापर्यंत पाठांतरावर निभावतं, पण क्वांटम मेकॅनिक्स सुरू झालं की हायड्रोजन अणूपाशी गाडी अडते.

प्रयोगशाळेतही गणित सुटत नाही. साध्या लंबकावरून 'जी' (गुरुत्वत्वरण) काढताना लांबी १ मीटर असेल तर २० दोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली, तर आवर्तकाळात अर्धा टक्का आणि त्याचा वर्ग असल्याने 'जी'मध्ये एक टक्का चूक येते. लांबी मोजताना १ मिलिमीटर चुकला तर मात्र फक्त ०.१ टक्का. म्हणजे दोरी पुन्हापुन्हा मोजण्यापेक्षा २० ऐवजी ५० दोलनं मोजलेली बरी. जर्नलमध्ये मागच्या वर्षीचे आकडे उतरवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

पण मॅथ्स घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. बीएस्सीच्या मॅथ्समध्ये रिअल अ‍ॅनालिसिस आणि ग्रुप थिअरीच्या सिद्धता बऱ्याच असतात. लिमिटची काटेकोर एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या फिजिक्सच्या पेपरात थेट उपयोगी पडत नाही आणि तिथे अनेकांचा धीर सुटतो. फिजिक्सला लागतात डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि फुरिए सिरीज. हे विषय आराखड्यात कोणत्या सत्रात येतात ते बघा. फिजिक्सला गरज पडल्यानंतर येत असतील, तर आधी स्वतः शिकून घ्या.

आता इलेक्ट्रॉनिक्स. पदवीनंतर लगेच कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत टेस्टिंग, कॅलिब्रेशन अशा कामाकडे जायचं असेल, तर याचा उपयोग मॅथ्सपेक्षा आधी होतो. अट एकच: हाताने सर्किट उभं केलं पाहिजे. ७८०५ ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी आयसी वापरून ५ व्होल्टचा पॉवर सप्लाय सगळेच करतात आणि ६-०-६ ट्रान्सफॉर्मर (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना ६-६ व्होल्ट देणारा) लावून फसतात. ६ व्होल्टचं शिखर ८.५, त्यातून डायोडचे ०.७ गेले, उरले ७.८. १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १०० मिलिअँपिअर लोड असेल तर रिपल (व्होल्टेजमधला चढउतार) साधारण १ व्होल्ट, म्हणजे तळ ६.८. ७८०५ला आउटपुटपेक्षा सुमारे २ व्होल्ट जास्त, म्हणजे ७ लागतात. म्हणून आउटपुट डळमळतं आणि मुलं आयसी बदलत बसतात. ९-०-९ घेतला तर व्होल्टेज पुरतं, पण अर्धा अँपिअर ओढलात तर आयसीवर तीन वॅटच्या आसपास उष्णता साचते. हीटसिंक नसेल तर तो स्वतःच बंद पडतो.

७४१ या ऑप-अँप (अ‍ॅम्प्लिफायर) आयसीचंही तसंच. त्याचा स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट. २० किलोहर्ट्झला १० व्होल्ट शिखराची साइन वेव्ह मागितली तर १.२५च्या वर लागतो, म्हणून सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) त्रिकोण दिसतो. जोडणी बरोबरच असते. हे ओळखता येणं म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स येणं.

एमएस्सी प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेत ३ तासांत ६० प्रश्न आणि १०० गुण असतात. डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अँप, लॉजिक गेट त्यात आहेत, पण एका घटकाचा भाग म्हणून. गणिती पद्धतींचा घटक स्वतंत्र आहे आणि बाकीचे सगळे घटक त्यावरच उभे आहेत.

केमिस्ट्रीबद्दल थोडक्यात: कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि मटेरियल्सवर मोठं काम होतं. द्रावणातून फिल्म बनवायची तर मोलॅरिटी आणि पीएच हाताखालचे हवेत. तिकडेच जायचं ठरलं असेल, तर केमिस्ट्री चुकीची नाही.

इलेक्ट्रॉनिक्स घेतलंत, तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत दुसऱ्या क्रमाची रेषीय डिफरन्शियल इक्वेशन्स आणि दोन बाय दोन, तीन बाय तीन मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूज हाताने सोडवा, रोज पाच गणितं. मॅथ्स घेतलंत, तर ब्रेडबोर्ड आणि मल्टिमीटर विकत घ्या आणि वरचा पॉवर सप्लाय ९-०-९ वर उभा करा. जोडण्या करताना प्लग काढलेला ठेवा, मेन्सकडच्या वायरी ब्रेडबोर्डवर आणू नका आणि वीज देण्याआधी कॅपॅसिटरची ध्रुवता तपासा. इलेक्ट्रोलिटिक उलटा लागला तर फुटतो.