सेंटओएस ७ वरून निघताना: त्याच मशीनवर चढवायचं की शेजारी नवं मांडायचं?

सेंटओएस ७ म्हणजे ऑफिसातल्या सर्व्हरवर चालणारं एक लिनक्स. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, म्हणजे अपडेट यायचे थांबले. तरीही रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लहान ऑफिसांत ते अजून चालू दिसतं, आणि दर महिन्याला कोणीतरी मला एकच प्रश्न विचारतं: आहे त्याच मशीनवर वरचं व्हर्जन चढवू, की दुसरं मशीन आणून सगळं तिकडे हलवू? मी दोन्ही करून बसलोय. पहिलं गुहागर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत, दुसरं देवगडला आंब्याच्या व्यापाऱ्यांच्या एका ऑफिसात.

कुठलं लिनक्स घ्यायचं यावर मी फार बोलणार नाही. सेंटओएसची सवय असेल तर त्याच घराण्यातलं अल्मालिनक्स (थोडक्यात अल्मा) सोपं पडतं. त्याच्या ८ ला २०२९ पर्यंत आणि ९ ला २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील. डेबियनही उत्तम आहे, पण पॅकेजांची नावं आणि फाइलींच्या जागा नव्याने शिकाव्या लागतात. एक मात्र आधीच बघा. अल्मा ९ ला इंटेलचा जुना कोअर टू डुओ प्रोसेसर चालत नाही. तसं मशीन असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

त्याच मशीनवर चढवायला अल्माचं एलिव्हेट नावाचं साधन आहे. आतून ते लीप हे अपग्रेड करणारं टूल वापरतं. आधी तपासणी होते, काय काय अडतंय त्याचा रिपोर्ट मिळतो, तेवढं निस्तरलं की अपग्रेड सुरू करायचं. ७ वरून थेट ९ वर उडी नाही, आधी ८ गाठावं लागतं. पतसंस्थेत मी हाच मार्ग धरला, कारण नव्या मशीनसाठी पैसे मंजूर नव्हते आणि सेटिंग सगळं जागच्या जागी राहणार होतं. रिपोर्टमधले अडथळे दोन संध्याकाळींत निघाले. इथपर्यंत मला हे काम फार आवडलं.

मग रीबूट. लीपचं खरं काम त्या रीबूटनंतर होतं. मशीन एका वेगळ्या छोट्या सिस्टिममध्ये उठतं आणि एकेक पॅकेज बदलत बसतं. त्या वेळात एसएसएच, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायची वाट, नसते. मी रत्नागिरीत, सर्व्हर गुहागरकडे, त्याला स्क्रीन जोडलेली नाही. पिंग, म्हणजे मशीन जागं आहे का या हाकेला येणारं उत्तर, थांबलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. सव्वादहाला मी तिथल्या शिपायाला फोन केला. तो बिचारा टॉर्च घेऊन आत गेला आणि म्हणाला, "दादा, हिरवा दिवा लुकलुकतोय, पंख्याचा आवाज येतोय. बाकी काय कळत नाय." मलाही काही कळत नव्हतं. चालू आहे की अडकलंय? मध्ये लाईट गेली आणि यूपीएस संपला तर? या टप्प्यात अर्ध्यावर बंद पडलेलं मशीन मागे नेता येत नाही, बॅकअपवरून सगळं उभं करावं लागतं. जायचं म्हटलं तर त्या वेळी जयगडची फेरीबोट नाही, म्हणजे चिपळूणवरून वळसा. दहा पन्नासला पिंग परत आलं. सगळं नीट झालं होतं, सकाळी भरणा वेळेवर सुरू झाला. पण ती एक तास वीस मिनिटं मी विसरलेलो नाही, आणि माझं मत त्या रात्रीच ठरलं.

देवगडला म्हणून मी हट्टाने दुसरं मशीन मागितलं. जुनं वापरलेलंच, पण चांगलं. त्यावर अल्मा ९ टाकलं आणि तीन आठवडे दोन्ही शेजारी-शेजारी चालू ठेवली. त्रास इथेही आहे, उलट कष्ट जास्तच आहेत. बिलिंगचा प्रोग्राम पीएचपी भाषेत लिहिलेला जुना होता आणि मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलायला जुनी फंक्शन्स वापरत होता. ती पीएचपी ७ पासून काढून टाकलेली असल्यामुळे कोड दुरुस्त करावा लागला. अर्थात एलिव्हेटनेही हे चुकत नाही. डेटा भरला तर बागायतदारांची मराठी नावं वेडीवाकडी अक्षरं होऊन आली. मूळ टेबलं लॅटिन-१ या फक्त रोमन लिपीसाठीच्या अक्षरसंचात होती आणि त्यांतच देवनागरी कोंबलेली होती. डेटाचा डंप (सगळी नक्कल एका फाइलीत) लॅटिन-१ मध्ये घेतला, त्यातली अक्षरसंच सांगणारी ओळ बदलून देवनागरी चालणारा यूटीएफ-८ केला, मग 'सावंत' पुन्हा 'सावंत' दिसू लागला. हे सगळं होत असताना ऑफिसातल्या काकी जुन्या सर्व्हरवर शांतपणे बिलं काढत होत्या. नवीनवरचं बिल आणि जुन्यावरचं बिल त्यांनीच समोरासमोर धरून तपासलं. शेवटी एका रविवारी जुन्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नव्याला दिला, तेवढंच.

एक गोष्ट माझ्याकडून राहिली. बागायतदारांना रोज सकाळी भावाचा मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट एका जुन्या यूजरच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, होती. मी फक्त रूटची, म्हणजे मुख्य यूजरची, यादी पाहिली होती. बदल ऑक्टोबरमध्ये केला, आणि पहिली पेटी आली तेव्हा फेब्रुवारीत फोन सुरू झाले. जुनं मशीन कपाटावर ठेवलेलं होतं. ते लावून स्क्रिप्ट शोधायला दहा मिनिटं लागली. जागच्या जागी चढवलं असतं तर ही चूक झालीच नसती, हे मान्य करायला हवं.

सर्व्हर व्हीएमवर, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनवर, असेल तर माझा आक्षेप बराचसा गळून पडतो. स्नॅपशॉट (मागे परतता येईल अशी नक्कल) घ्या, कन्सोल (मशीनची स्क्रीन) समोर उघडा ठेवा आणि खुशाल एलिव्हेट चालवा. मशीन तुमच्या टेबलाशेजारीच असेल तेव्हाही एलिव्हेट चालेल. पण मशीन दुसऱ्या तालुक्यात आणि मध्ये खाडी असेल, तर माझ्या मते चार पैसे जास्त गेलेले बरे.

वेळेचंही बघा. मृगाच्या आधी घर शाकारून घेतो तसं हे काम पावसाआधीच उरकावं असं वाटतं, पण मार्चअखेर पतसंस्थेला हात लावता येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये आंबावाल्यांना. जूनपासून लाईट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. गणपती होऊन गेले की जानेवारीपर्यंतचे महिने मला सोयीचे वाटतात.

त्या पतसंस्थेचं अल्मा ८ आता २०२९ पर्यंत चालेल. पुढच्या वेळचं दुसरं मशीन त्यांनी आत्ताच अंदाजपत्रकात धरलंय.