नवा म्हणून १८,३०० मोजले, आणि जुनाच कॉम्प्युटर घरी आला

लिहू की नको करत आठवडा गेला, कारण ओळखीतले वाचतील आणि हसतील. हसा. मी घरून लोकांचे जीएसटी रिटर्न भरते, रोज कोणावर तरी "पक्कं बिल घेत जा हो" म्हणून ओरडते, आणि मीच १८,३०० रुपये दिले ते वहीच्या फाटक्या कागदावरच्या हिशोबावर.

कॉम्प्युटर २०१३ चा. प्रोसेसर आय फाइव्ह, थर्ड जनरेशन म्हणजे तिसऱ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन झाला की हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली उघडलेलं असायचं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, बंद होणार हे सगळीकडे चालू होतं, आणि क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं याच मशीनवर, त्यामुळे मी घाबरले होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला फसवणारा घाबरलेल्या माणसाचीच वाट बघत होता.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून मिळाला. पोरगा गोड बोलणारा. घरी आला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला ताई, याच्यावर विंडोज ११ चालणारच नाही, आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचाच प्रोसेसर लागतो. आता हे खरंच आहे हो, मी नंतर तपासलं, मायक्रोसॉफ्टचा तसाच नियम आहे. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडायचा कसा?

हिशोब असा: आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, बोर्ड आणि ८ जीबी रॅम मिळून ११,५००, नवी ५१२ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) ३,२००, विंडोज आणि ऑफिस "ओरिजिनल" २,५००, मजुरी ८००, नेण्या-आणण्याचे ३००. मी बिल मागितलं. मागितलं होतं! तो म्हणाला देतो ना ताई, १८ टक्के वर लागतील. म्हणजे ३,२९४. आणि मी, जिला हा टक्का झोपेतही पाठ आहे, ती म्हणाले राहू दे मग. सणाचे दिवस, दोन क्लायंटचे पैसे अडकलेले, अजून काय सांगू. ८,००० ॲडव्हान्स दिले आणि तो डबा उचलून घेऊन गेला. डबा घराबाहेर जाऊ देऊ नका. न्यावाच लागला तर आधी झाकण उघडून आतल्या बोर्डचे, रॅमचे, स्टिकरवरच्या नंबरांचे फोटो काढा, त्याच्यासमोर काढा.

तीन दिवसांनी आणून दिला. आता तो क्षण. त्याने वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली, कोअर आय फाइव्ह ३४७०, ३.२० गिगाहर्ट्‌झ. बारा वर्षं रोज सकाळी बघितलेली ओळ! मी म्हणाले सुद्धा, अरे हे तर जुनंच नाव येतंय. तो हसला, म्हणाला बायोसमध्ये (बोर्डवरचं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं नाव राहिलंय ताई, अपडेटला जाईल, आणि मॉनिटरच्या समोर वाकून माऊस जोडायला लागला. विंडोज सुरू झाल्यावर प्रॉपर्टीज उघडून दाखवलं, तिथे आठव्या जनरेशनचं नाव छान लिहिलेलं. आणि मशीन पळत होतं हो, वीस सेकंदात सुरू! मी तिथेच उभ्या उभ्या उरलेले १०,३०० पाठवले. बोर्ड बदलला तर बायोस पण त्या बोर्डबरोबरच बदलतो, त्यात माझ्या जुन्या प्रोसेसरचं नाव राहील कुठून, एवढा विचार करायला मला दहा सेकंद हवे होते, ते मी स्वतःला दिले नाहीत. दसऱ्याला त्या कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. फोटो स्टेटसला ठेवला होता.

भाऊबीजेला भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे. सहज टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाला, आत्या, डेस्कटॉपच्या आठव्या जनरेशनच्या आय फाइव्हला सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असतात, इथे चार आहेत, आणि रॅम १६०० ची, म्हणजे डीडीआर थ्री, जुन्या प्रकारची. मग त्याने सीपीयू-झेड (प्रोसेसर, बोर्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची जागा) जुनंच ११५५, म्हणजे तोच बोर्ड, तोच प्रोसेसर. विंडोज सुरू होताना नाव बदलणारी एक छोटी फाइल लपवून ठेवली होती, ती काढून रीस्टार्ट केल्यावर प्रॉपर्टीजमध्ये पण खरं नाव आलं. विंडोज ११ नियमाला बगल देऊन टाकलेलं, ॲक्टिव्हेशन पण जुगाडाचं. एसएसडी क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघितली तर १९,४०० तास चाललेली. नवी म्हणे! दोन वर्षांहून जास्त कुठेतरी घासून आलेली. वेग आला तो फक्त हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसली म्हणून, कोणत्याही जुन्या मशीनला येतो, म्हणून वेगावर भाळू नका. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पैसे देण्याआधी त्याच्यासमोर चालवा, तोंड कसं होतं बघा.

फोन केला तर म्हणाला दुकानात या. दुकानात गेले तर तो गावाला. त्याने कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकलं होतं, ते दुसऱ्याच दिवशी "डिलीट फॉर एव्हरीवन" केलेलं, मला तेव्हा वाटलं चुकून झालं असेल. आलेल्या मेसेजचा तिथल्या तिथे स्क्रीनशॉट.

चौकीत दोनदा गेले. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा दीड तास बाकड्यावर बसवून एकाने विचारलं, मॅडम, कॉम्प्युटर चालू आहे ना? मग फसवणूक कसली? मी सॉकेट, कोअर समजावायला लागले तर तो शेजारच्याकडे बघून हसला. हा दिवाणी मामला आहे म्हणे, ग्राहक मंचात जा. अर्ज घ्यायला तयार नाहीत, घेतला तर पोच द्यायला तयार नाहीत, पोचेसाठी अजून चाळीस मिनिटं. सायबरवाले म्हणाले ओटीपी नाही, लिंक नाही, तुम्ही समोर उभं राहून पैसे पाठवलेत, आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली व्यवहार तुम्हीच केलाय. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही हे मला माहीत होतं, तिथे मदतीला बसलेल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, बिल? मी स्वतःच्या धंद्याचं नाव सांगितलंच नाही त्याला. पैसे गेलेत ते पण दुकानाच्या नाही, भलत्याच कोणा बाईच्या खात्यात. तरी तक्रार टाकणार आहे, पेमेंटची नोंद आणि भाच्याने काढलेले फोटो आहेत. स्कॅन करतानाच नाव वाचा, दुकानाचं नसेल तर थांबा.

पैशाचं एक वेळ सोडा. जुनी हार्ड डिस्क त्याच्याकडे राहिलीय. डेटा कॉपी केलाय, डिस्क खराब आहे, टाकून देतो म्हणाला आणि मी बरं म्हणाले. खराब असली तरी आपली डिस्क आपल्याच कपाटात ठेवा, कळलं? तिच्यावर २३ जणांची कागदपत्रं होती. दोन दिवस एकेकाला फोन करून पासवर्ड बदलायला सांगतेय, १४ झाले. त्यातल्या एका किराणावाल्या काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम, पावती तरी घेतली होती का? त्यांना मी गेल्याच महिन्यात बिलावरून झापलं होतं. अजून नऊ फोन बाकी आहेत.