मंदीत पायलटचं प्रशिक्षण: आता, नंतर की टप्प्याटप्प्याने?

विमान कंपन्या माणसं कमी करत असताना पायलटच्या कोर्सचे पैसे भरावेत का, हे बहुतेक जण आजची भरती पाहून ठरवतात. पण आज कोर्स सुरू करणारा नोकरी मागायला जातो दीड-दोन वर्षांनी. म्हणून बघायचं ते शिक्षण संपेल तेव्हाचं चित्र.

२०२० मध्ये जगभरातली प्रवासी वाहतूक आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळपास दोन तृतीयांशाने घसरली. त्या वसंतात लायसन्स हातात पडलेल्यांचे हाल झाले. त्याच वर्षाच्या मध्यावर ज्यांनी शिकायला सुरुवात केली, त्यांचं शिक्षण संपेपर्यंत २०२२ उजाडलं होतं आणि अमेरिकेतल्या प्रादेशिक कंपन्या पायलट मिळत नाहीत म्हणून फेऱ्या कमी करत होत्या. उलट २००७ च्या तेजीत कोर्सला गेलेले २००९ मध्ये बंद दारापुढे उभे राहिले.

एवढ्यावर ‘मंदीतच शिका’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. भरती परत सुरू होते तेव्हा आधी बोलावणं जातं ते कमी केलेल्या अनुभवी पायलटांना. त्यांच्याकडे उड्डाणाचे हजारो तास असतात, टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचं विमान चालवण्याची परवानगी, असते. दोनशे तासांचा नवा पायलट रांगेत त्यांच्या मागे. शिवाय नियमही आडवे येतात. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेने एअरलाइन पायलटांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं. पुढची पाच वर्षं वयामुळे रिकाम्या होणाऱ्या जागा जवळपास थांबल्या, आणि त्यातच २००८ ची मंदी आली. त्यामुळे शिक्षण संपल्यावर आणखी एक-दोन वर्षं नोकरीविना काढता येतील का, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी शोधा.

आत्ताच, सलग कोर्स

एकाच संस्थेत, पूर्ण वेळ, साधारण दोन वर्षांत सगळं संपवायचं. हात बसलेला राहतो, शिक्षणात खंड पडत नाही, आणि बाजार सुधारला तर तुम्ही तयार असता. वय तिशीच्या पुढे असेल तर हे वजन मोठं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन पायलटांच्या व्यापारी उड्डाणांत ६५ व्या वर्षापर्यंतच बसता येतं आणि बढती ज्येष्ठतेच्या यादीवर चालते. उशिरा आलेला माणूस कॅप्टनच्या सीटपर्यंतही उशिराच पोचतो.

धोका दोन बाजूंनी येतो. पहिला कर्जाचा. नोकरी लागो न लागो, हप्ता ठरलेल्या तारखेला जातोच. दुसऱ्याकडे फार कमी जण लक्ष देतात: मंदीत प्रशिक्षण संस्थाही बुडतात. संपूर्ण फी आगाऊ भरलेली असेल तर पैसे आणि अर्धवट लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) दोन्ही अडकतं. सवलतीच्या बदल्यात एकरकमी पैसे मागणाऱ्या संस्थेला मी तरी नाहीच म्हणेन. जेवढं उडलात तेवढंच भरा.

थांबणं

वय बावीस-तेवीस असेल आणि दुसरं कमाईचं साधन असेल तर दोन वर्षं थांबल्याने आभाळ कोसळत नाही. पण त्या काळात पैसे साठले पाहिजेत, नाहीतर तो निव्वळ वेळ गेला. अडचण अशी की भरती जोरात असल्याची बातमी आल्यावर सगळेच एकदम धावतात. संस्थांमध्ये जागा नसते, इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेलेले असतात, परीक्षकाची तारीख मिळत नाही. दीड वर्षाचा कोर्स अडीचवर जातो.

टप्प्याटप्प्याने

नोकरी सांभाळून आधी प्रायव्हेट (हौसेने उडण्याचं) लायसन्स, मग उड्डाणाचे तास जमवणं, थिअरी, कमर्शियल (पगारावर उडण्याचं) लायसन्स आणि शेवटी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेरचं दिसत नसताना यंत्रांच्या आधारे उडण्याची परवानगी. मंदीत मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण परिस्थिती बघून वेग कमी-जास्त करता येतो आणि कुठल्याही टप्प्यावर थांबलात तरी कर्जाचा डोंगर नसतो.

पण परवान्यांना मुदती असतात, त्या नीट समजून घ्या. युरोपीय नियमांत एअरलाइन पायलटची थिअरी पहिल्या परीक्षेपासून १८ महिन्यांत पूर्ण करावी लागते आणि ती कमर्शियल लायसन्स व इन्स्ट्रुमेंट रेटिंग मिळवण्यासाठी ३६ महिने चालते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत एकच वर्ष. म्हणजे महागडे शेवटचे टप्पे खूप आधी उरकले तर नोकरी नसताना ते जिवंत ठेवण्याचा खर्च माथी बसतो. प्रायव्हेट आणि तास जमवणं निवांत करा. थिअरी सुरू केली की मग रेंगाळू नका, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग बाजार हलू लागल्यावर घ्या.

देशाच्या नियमांनीही गणित बदलतं. अमेरिकेत २०१३ पासून एअरलाइनच्या उजव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून, बसायलाही साधारणपणे १,५०० तास लागतात, त्यामुळे नवखा पायलट आधी इन्स्ट्रक्टर होतो. मंदीत पुढचे इन्स्ट्रक्टर जागचे हलत नाहीत, आणि मागून येणाऱ्याला तीही नोकरी मिळत नाही. युरोपात जवळपास दोनशे तासांवर थेट एअरलाइनमध्ये जाता येतं, पण भरती थांबली की मधली पायरीच नसते.

स्वतःचे पैसे असतील आणि वय पस्तिशीकडे झुकलं असेल, तर आत्ता सलग कोर्स करा. घर तारण ठेवून करणार असाल तर मंदीत करू नका, टप्प्याटप्प्याने जा. टाइप रेटिंग मात्र हातात नोकरीचं पत्र नसताना स्वखर्चाने कुणीच घेऊ नये. युरोपीय नियमांत, उडायला मिळालं नाही तर वर्षभरात त्याची मुदत संपते.

आणि यातलं काहीही ठरवण्याआधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. रंगांधळेपण किंवा हृदयाच्या ठोक्यातला दोष तिथेच कळतो, फी भरण्याच्या आधी.