मीटरच्या आतली काळी टेप

गोव्यातल्या साखळीच्या वायरमनने माझ्या गाडीचा डॅशबोर्डवरचा मीटर उघडला तेव्हा आत काळ्या टेपचे नखाएवढे तीन तुकडे निघाले. चेक इंजिन, ब्रेकचं एबीएस आणि स्टिअरिंग, या तिन्ही दिव्यांवर एकेक. याच दिव्यांसाठी मी पर्वरीच्या एका गॅरेजात तीन खेपा घातल्या होत्या आणि तिसऱ्या खेपेला ‘आता दिवे गेले’ म्हणून हात जोडून आलो होतो.

ऑगस्टमधली गोष्ट. डिचोलीहून पणजीला जाताना भर पावसात गाडी पर्वरीजवळ बंद पडली. सेल्फ मारला की मीटरमधले सगळे दिवे नाचायचे, इंजिन उचलायचं नाही. टो करून जवळच्या गॅरेजात नेली. दहा मिनिटांत निकाल: “पात्रांव, काँप्युटर गेलो.” म्हणजे इंजिन चालवणारा काँप्युटरचा डबा, त्यात पाणी शिरलं म्हणे. नवा मागवला तर साठ हजारांच्या वर आणि चवथीनंतरच मिळणार. ‘सेम नंबरचा’ जुना आजच बसवून अठ्ठावीस हजार. घरी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायचं होतं, बायकोचे फोनवर फोन. मी हो म्हटलं.

जुना काढलेला डबा मागितला, तर म्हणाला कंपनीला परत द्यावा लागतो. सेकंड हँड माल भंगारातून आणणारा माणूस कंपनीला काय परत देणार, हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला. बिल मागितलं तर “टेन्शन घेवं नाका, मागीर दितां,” म्हणजे नंतर देतो. पैसे यूपीआयने गेले, तेही त्याच्या पुतण्याच्या नावावर.

हा दुसरा डबा बसल्यावर गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडायला लागली. यात गैर काही नव्हतं. किल्लीच्या डोक्यात चिप असते, इंजिनचा काँप्युटर तिला ओळखतो, आणि दुसऱ्या गाडीचा काँप्युटर आपली किल्ली ओळखणार नाही. सरळ काम म्हणजे दोन्ही किल्ल्या मागून घेऊन नव्याने कोड करणं. याने माझी दुसरी किल्ली मागितलीच नाही. डबा घेऊन कुठे तरी गेला, तासाभराने आला आणि गाडी सुरू. मी खूश.

दुसऱ्या दिवशी तीन दिवे लागले. परत गेलो, त्याने स्कॅनर लावून बिघाडाचे कोड पुसले. दोन दिवसांनी दिवे परत हजर. कोड पुसणं म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर झटकणं. बिघाड तसाच असेल तर गाडी स्वतःच्या तपासण्या पुन्हा करते आणि दिवा लावते, त्याला कधी थोड्या फेऱ्या लागतात एवढंच. तिसऱ्या वेळी त्याने गाडी दिवसभर ठेवून घेतली.

चवथ झाली. बेळगावला जाताना चोर्ला घाटाच्या एका वळणावर स्टिअरिंग एकदम दगड झालं. मीटरवर काही नाही, सगळं शांत. शेजारी सासूबाई होत्या, त्यांनी देवाचं नाव घेतलं, मीही. गाडी कडेला घेऊन बंद केली, पुन्हा सुरू केल्यावर स्टिअरिंग ठीक. तसाच सावकाश माघारी साखळीला आलो.

तिथल्या वायरमनने आधी स्कॅनर हातातही घेतला नाही. किल्ली नुसती ऑन केली आणि मला म्हणाला, मीटर बघा. इंजिन सुरू करण्याआधी इशाऱ्याचे दिवे काही क्षण लागून दाखवतात, दिवा जिवंत आहे हे कळावं म्हणून. ऑइल, बॅटरी, एअरबॅग लागले. तीन जागा काळ्याच राहिल्या. त्यावरून मीटर उघडला.

मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. काँप्युटरमध्ये गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर साठवलेला असतो. स्क्रीनवरचा नंबर आणि माझ्या आरसीवरचा नंबर वेगळे. डबा त्याच नावाच्या गाडीचा, पण एबीएस नसलेल्या स्वस्त मॉडेलचा. डब्यावरच्या नंबरची शेवटची अक्षरं बघायची असतात, ‘सेम नंबर’वर विश्वास ठेवायचा नसतो, असं तो म्हणाला. एबीएस आणि स्टिअरिंगचे काँप्युटर ज्या संदेशांची वाट बघतात ते हा डबा पाठवतच नव्हता.

मग त्याने विचारलं, घराच्या दारापुरती साधी किल्ली असते तशी गाडीची आहे का? म्हापशात करून घेतलेली, बिनचिपची, फक्त दरवाजा उघडणारी होती. ती लावली. गाडी सुरू! तासाभरात केलेली जादू ती हीच: चिप ओळखण्याचं कामच काढून टाकलं होतं. महिनाभर माझी गाडी चिपच्या राखणीशिवाय डिचोलीच्या रस्त्यावर रात्र काढत होती.

सगळ्यात जास्त चीड आली ती शेवटच्या गोष्टीची. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडून कुजलेली होती. बॅटरीची निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यामध्ये व्होल्टमीटर धरून सेल्फ मारला, तर दीड व्होल्टच्या वर दाखवत होता. अर्ध्याच्या आत हवा. सेल्फ मारताना दिवे नाचण्याचं कारण बहुतेक हेच. पट्टी साडेचारशे रुपयांची. माझा मूळ काँप्युटर चांगलाच असावा, पण तो हातात नाही तर सिद्ध कशावर करणार?

पर्वरीला गेलो. “ट्रायल घेऊन तुम्हीच नेली ना गाडी?” एवढंच उत्तर. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तेही करणार आहे. पण माझ्याकडे बिल नाही, फक्त पुतण्याच्या नावाचा स्क्रीनशॉट आणि टेपचे तीन तुकडे एका पाकिटात.

ऑगस्टनंतर या भागात कुणी जुना काँप्युटर बसवून घेतला असेल तर एकदा स्कॅनरवर चासी नंबर वाचून घ्या आणि आरसीशी ताडून बघा. जुळला नाही तर मला कळवा. कदाचित तो माझा असेल.