‘नस आखडली आहे’ असे सांगून घेतलेले 21,600 रुपये
दोन वर्षांपूर्वी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ताठरतेच्या वेळी माझे शिश्न वरच्या बाजूस वाकू लागले, दुखू लागले आणि मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा कठीण भाग बोटाला लागू लागला. मधुमेहासाठी मी दर महिन्याला डॉक्टरांकडे जातो, तरी ही एक गोष्ट त्यांच्यापुढे जिभेवर येईना. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या कागदावरचा नंबर मात्र मी निमूटपणे टिपून घेतला.

ते ‘वैद्य’ दर मंगळवारी एका लॉजच्या खोलीत बसत. त्यांनी मला तपासलेच नाही. नुसती नाडी धरून, तरुणपणच्या चुकांमुळे नस आखडली आहे आणि उशीर केल्यास सर्व कायमचे जाईल, असे सांगितले. भस्माचा भाव विचारला तेव्हा ते ‘नव्वद रुपये’ म्हणाले आणि तो पुडीचा भाव असावा, असे मी समजलो. मग मदतनिसाने तीन बरण्यांतली पूड एका परातीत कालवली, काट्यावर 240 हा आकडा उमटला आणि नव्वद रुपये ग्रॅममागे आहेत हे तेव्हा कुठे कळले. “आता मिसळले, परत बरणीत जाणार नाही,” असे तो म्हणाला, आणि दुसरा एक जण दाराशी येऊन उभा राहिला. पावतीवर केवळ रक्कम होती. ना नाव, ना नोंदणी क्रमांक. त्यामुळे पुढे पोलीस ठाण्यात दाखवायला माझ्याकडे काहीच उरले नाही.

पैशांपेक्षा भस्मासोबत दिलेल्या तेलाने अधिक नुकसान केले. ताठर अवस्थेत वाकडा भाग उलट दिशेने दाबत ते चोळायचे होते. तीन आठवड्यांत दुखणे इतके वाढले की मी अखेर सरकारी रुग्णालयात वीस रुपयांच्या केसपेपरवर मूत्ररोगतज्ज्ञांपुढे जाऊन बसलो.

त्यांनी आधी माझा उजवा तळहात पाहिला. अनामिकेखाली दोरीसारखी एक गाठ होती, जी मी स्कूटरच्या हँडलमुळे आली असावी असे धरून चाललो होतो. हे दोन्ही विकार काहींना एकत्र होतात, असे त्यांनी सांगितले. शिश्नात रक्ताने भरणाऱ्या पोकळ्यांभोवती चिवट, ताणले जाणारे आवरण असते. किरकोळ इजा नीट न भरता त्यात व्रण जमला, की तेवढा भाग ताणला जात नाही आणि शिश्न त्या बाजूला वाकते. नसेचा येथे काहीही संबंध नाही, आणि जोर लावून दाबणे म्हणजे नव्या इजेला आमंत्रण. पंधराव्या लुईचे शल्यविशारद पेरोनी यांनी 1743 मध्ये वर्णन केल्यामुळे हा आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे मला जे अघटित वाटत होते, त्याला पावणेतीनशे वर्षांहून जुनी नोंद होती.

दुखणे बहुधा आपोआप थांबते, बाक मात्र बहुतेकांचा जात नाही. गाठीत इंजेक्शन देणे किंवा उपकरणाने मंद ताण देणे हे उपाय आहेत. शस्त्रक्रिया मात्र आजाराला वर्ष उलटून बाक काही महिने स्थिर राहिल्यावरच करतात, आणि तिच्यात लांबी थोडी कमी होऊ शकते हेही डॉक्टरांनी आधीच सांगून टाकले. वीस दिवसांत सरळ करून देतो, असे ते एकदाही म्हणाले नाहीत.

लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी मुतारीतला तो कागद मागच्या महिन्यातही नव्या नंबरासह तेथेच होता. माझे दुखणे दहाव्या महिन्यात थांबले, बाक सुमारे 30 अंशांवर स्थिरावला आहे आणि संबंधांत अडचण येत नसल्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडलेली नाही.